काटा खाली होता

काटा खाली आला म्हणून इतकं खूश होऊ नकोस, निषाद. तुझ्या वयाची पोरं ट्यूनरच्या काट्यावर आणि पोरीच्या हसण्यावर फार लवकर विश्वास ठेवतात. अपूर्वा, तू हसू नकोस, पोरीही काही कमी नसतात.

हेडफोन ठेव खाली. आज या रिहे गावात वीज काही येत नाही. जेवणं झाली आहेत, झोप कुणाला आलेली नाही. तर मग परवेजचं ऐका. मी थापा मारतो असं सगळा तालुका म्हणतो, आणि तालुका खोटं बोलत नाही. पण ही थाप नाही. थाप असती तर मी शेवट जरा बरा केला असता.

परवेज गेला होता खांब उतरवायला. एवढंच काम. दोन हजार चोवीसचा मे, एकोणतीस तारीख, बुधवार. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, ग्रहण नाही. वैशाखाचं लख्ख ऊन आणि आभाळात औषधाला ढग नाही. भुताची सोय होईल असं त्या दिवसात काहीही नव्हतं.

परवेजला तुम्ही पाहिलं असेल. पौडच्या बाजारात त्याचं दुकान आहे. बाप चाँदभाई घड्याळं दुरुस्त करायचा, हा मिक्सर, टीव्ही आणि वरातीतले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. शिवाय तुमच्यासारखंच खूळ. हौशी रेडिओचं लायसन्स, गच्चीवर अँटेनाची तार. शेजारणी त्या तारेवर गोधड्या वाळत घालायच्या आणि हा रोज संध्याकाळी हात जोडून त्या काढायला लावायचा.

खांब होता कैलासचा. धरणाच्या पल्याडच्या काठाला एक वाडी आहे. म्हणायला वाडी. निम्मी घरं कुलपात, माणसं पुण्यात. राहणारे दोनच, एक कैलास आणि हाकेच्या अंतरावर म्हातारा बहिरू. कैलासने पिरंगुटच्या कंपनीतली नोकरी सोडली, बापाची भातशेती करायला लागला आणि परवेजच्या नादाने रेडिओला लागला. तिथे मोबाईलचा टॉवर वारा आला की झोपतो. पावसाळ्यात दरड आली की रस्ताही झोपतो. तेव्हा रेडिओ बरा, असं परवेजनेच त्याच्या डोक्यात भरवलं. खांब परवेजने उभा केला, तार परवेजने ताणली, केबल परवेजने खोलीत आणली. ट्यूनर टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "हे दोन नॉब फिरवायचे. काटा पार खाली आला की जुळलं. काटा खाली, म्हणजे तुझा आवाज माझ्या दुकानात. समजलं का?"

कैलास म्हणाला, "आणि काटा वर असला तर?"

"तर समज तू भिंतीशी बोलतोयस. घरी बायको न्हाई, ती सवय तुला असंलच."

असे हे दोघे.

आता ट्यूनर म्हणजे काय, ते या निषादलाही अर्धंच कळलंय. ट्यूनर म्हणजे लग्नातला मध्यस्थ. एका घरी रेडिओ, दुसऱ्या घरी अँटेना, दोघांचं जमत नाही. मध्यस्थ मधे बसतो, पत्रिका जुळवतो आणि रेडिओकडच्यांना सांगतो, तिकडून होकार आहे, खुशाल बोला. रेडिओ खूश. पण तिकडे मुलगी आहे की नाही, हे मध्यस्थाने बघितलेलं असतंच असं नाही. केबल मधेच सडली असली तर तुमचं सगळं बोलणं ती केबलच गिळून टाकते. परत काहीच येत नाही. आणि परत काही येत नाही म्हणून काटा आणखी खाली. म्हणजे जितकं वाईट, तितकं छान दिसतं.

परवेजला हे ठाऊक होतं. कैलासला नव्हतं. त्याला सांगायचं राहून गेलं होतं.

आणि आणखी एक राहून गेलं होतं. केबल आखूड पडली, म्हणून परवेजने तिला तुकडा जोडला होता. सोल्डरचा डाग दिला, वर काळी टेप गुंडाळली. अशा जोडावर पाणी शिरू नये म्हणून रबरी टेप लागते, ती त्या दिवशी संपली होती. "पावसाआधी येऊन नीट करतो," म्हणाला. मग ईद आली. मग लग्नसराई, वरातवाले दुकानाबाहेर रांग लावून. मग पाऊस आला.

त्या पावसाळ्यात, म्हणजे आदल्या वर्षीच्या अधिक महिन्यात, कैलास गेला. रस्ता दरडीने बंद, टॉवर बंद, वीज बंद. चालू काय, तर बॅटरीवरचा रेडिओ. सकाळी बहिरूला तो खाटेवर सापडला. डॉक्टर म्हणाले, मण्यार. अंथरुणात शिरते, चावते, दुखत नाही, काही जणांना कळतसुद्धा नाही. झोपेतली झोप.

कैलासची बहीण गौतमी नांद्याला दिलेली. ती दहाव्याला परवेजला म्हणाली होती, "दादा, तुम्ही त्या रात्री रेडिओ लावून बसला होता ना?"

"रात्रभर. सगळे रस्ते बंद, म्हणून मुद्दाम बसलो होतो."

"त्याची हाक आली न्हाई?"

"न्हाई आली."

"म्हणजे झोपेतच गेला तो," गौतमी म्हणाली, आणि तेवढ्या एका वाक्यावर ती बाई पुढचे दिवस काढत होती.

परवेज मात्र काढत नव्हता. त्याला तो जोड दिसायचा. हाक आली नाही की हाक पोचली नाही, हे त्याला कळायला हवं होतं, आणि कळू नये असंही वाटत होतं.

मेमध्ये गौतमीने घर विकलं. घेणारा हिंजवडीचा, त्याला अंगणात खांब नको होता. गौतमीचा फोन आला. "दादा, ते सगळं तुम्हीच उतरवा. दुसरं कुणी हात लावायला नको. आणि येताना एवढं बघून या, त्याने रेडिओ लावला होता का. लावला नसंल तर मला शांत झोप लागंल."

तर हे काम. आता कळलं ना, नुसता खांब नव्हता.

परवेज ओम्नी घेऊन दुपारी निघाला, ऊन उतरताना वाडीला पोचला. बहिरू ओट्यावर तंबाखू मळत बसला होता.

"आलास व्हय? म्हनलं, पौडला गेलं की मानूस साहेब हुतो."

"चावी द्या नाना. टोमणे रात्री मारा."

"रातच्याला ऱ्हानार व्हय हितं?"

"घाटातनं अंधारात ही गाडी न्यायची म्हणजे मला तुमच्यापेक्षा आधी जावं लागंल."

बहिरू हसला नाही. चावी दिली. "सुकट केलीया. खायाला ये. तितं लई येळ बसू नगंस."

खोली तशीच होती. खाट उभी करून ठेवलेली. टेबलावर रेडिओ, ट्यूनर, माईक, सगळ्यावर धुळीचा थर. परवेजने गाडीतली बॅटरी आणून जोडली. खांब उतरवण्याआधी एकदा बघून घ्यायचं, त्याला राहवलं नाही. नॉब फिरवले. काटा जागचा हलला, थरथरला आणि अलगद खाली जाऊन पडला. पार खाली.

परवेज खुर्चीत मागे रेलला. दहा महिन्यांनी पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास आला. जोड धड आहे. माझं काम धड आहे. हाक आली नाही, कारण हाक मारलीच नव्हती.

मग तो खांब उतरवायला बाहेर गेला, आणि त्याने वर पाहिलं.

खांबाच्या डोक्यावर तार नव्हती. एक अंग आंब्याच्या फांदीत लोंबत होतं, दुसरं कधीच गवतात पडून गंजलं होतं. केबल वरच्या टोकाला कशालाच जोडलेली नव्हती. आणि काटा खाली होता.

परवेजने दोर सोडला. खांब आडवा केला. केबल ओढत ओढत जोडापाशी आला आणि सुरीने टेप उकलली. आत तांब्याचं हिरवं पीठ झालेलं. मागच्या पावसाचं काळं पाणी बोटांवर आलं. असा जोड एका पावसात होत नाही म्हणाल, तर होतो. पहिल्याच आठवड्यात होतो.

त्याने केबल जोडापाशी कापली. दोन्ही तुकड्यांची वेटोळी करून ओट्यावर टाकली. बॅटरी काढून गाडीत ठेवली. गाडीला कुलूप घातलं.

तरीही पक्कं काय होतं? केबल सडलेली होती, एवढंच. त्याने हाक मारली होती असं थोडंच होतं. परवेज स्वतःला हेच सांगत सुकट-भाकरी जेवला. बहिरूला विचारलं, "नाना, तुम्हाला तो खाटंवरच सापडला ना?"

बहिरूने भाकरीचा तुकडा मोडला. बराच वेळ चावला.

"गाढ झोपल्यावानी व्हता," म्हणाला.

परवेज परत येऊन खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून आडवा झाला. दार उघडंच ठेवलं होतं, उकाडा होता. चंद्र उशिराचा. तो डोंगरावर आला तेव्हा मध्यरात्र होऊन गेली होती, आणि धरणाचं पाणी दारातून दिसायला लागलं, मेमध्ये खाली गेलेलं, काठाला चिखलाच्या रेघा.

त्याला जाग आली ती पावसाने.

पत्र्यावर धो धो पाऊस. असा की बोललेलं ऐकू येऊ नये. परवेज उठून बसला. दाराबाहेर बघितलं. चांदणं होतं. अंगण कोरडं होतं. धूळ होती तशी होती.

पाऊस खोलीत होता. टेबलावर.

रेडिओचा दिवा लागलेला होता.

त्याने आधी बॅटरी बघितली. जागा रिकामी. केबलचं टोक बघितलं. रेडिओच्या पाठीला काहीच नव्हतं.

खरखर. पाऊस. मग कुणीतरी माईक दाबल्याचा आवाज. तुम्हाला तो ओळखीचा आहे.

"परवेज, परवेज, परवेज. कैलास. ऐकतोयस का? ओव्हर."

परवेज हलला नाही.

"परवेज. अंथरुणात काय तरी व्हतं. दिवा लावला तर दिसली. काळी, पांढरे पट्टे. मण्यारच ती. दुखत काय न्हाई. पलीकडच्या काठाला गाडी आण आणि होडी पाठव. ओव्हर."

नेहमीचा आवाज. घाबरलेला नव्हे. भाताचं बी मागावं तसा.

"तुजं काय ऐकू येईना. पाऊस लई हाय. पर माजं जातंय. काटा बघितला, पार खाली हाय. तू लुंगी सावरत पळत असशील. पळ निवांत. मी हितंच हाय. ओव्हर."

परवेज गुडघ्यांवर सरकत टेबलापाशी आला. ट्यूनरचा नॉब फिरत होता. हळूहळू. कुणी बोटाने, जपून जुळवावं तसा. डावीकडे. थोडा उजवीकडे. थांबला. काटा खाली.

"पुन्यांदा जुळवलं. खालीच हाय. एवढं झ्याक कधी जुळलं न्हवतं."

थोडा वेळ नुसता पाऊस.

"बहिरूनानाला हाक मारू का रं? त्याची होडी हाय..." आवाज थांबला. विचार करत असावा. "नगं. म्हातारं ह्या पावसात भिजंल. तू पाठवतोयस की. काटा खाली हाय म्हंजी तू ऐकलंयस."

परवेजने माईक उचलला. बटण दाबलं. ट्यूनरवरचा काटा वर उसळला आणि सावकाश खाली जाऊन पडला. जुळलं.

"कैलास, नानाला उठव," परवेज म्हणाला. "माझी वाट बघू नकोस. मला काही आलेलं नाही. काट्याचं ऐकू नकोस. दार उघड आणि हाक मार. ओव्हर."

बटण सोडलं.

"तुजं काय येईना..." कैलास म्हणाला.

परवेजने पुन्हा दाबलं. काटा खाली. पुन्हा बोलला. पुन्हा. पुन्हा. दर वेळी काटा खाली, अगदी आज्ञाधारकासारखा. त्याने आयुष्यात इतकं चांगलं जुळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"पापन्या उचलंनात," कैलास म्हणाला. "आत्ता उचलल्या. काटा... खालीच."

"उठ, कैलास."

"जीब जड..."

नॉब फिरला. थोडासा. परत आला.

"तू येतोयस... न्हवं..."

पाऊस.

"पर... वेज..."

पाऊस.

माईक दाबल्याचा आवाज आला. कुणी बोललं नाही. सोडल्याचा आवाज आला नाही. दाबलेला तसाच राहिला. पाऊस ऐकू येत होता आणि पावसाच्या मागे श्वास. लांब. मग त्याहून लांब. मग...

काटा खाली होता.

परवेज उठून अंगणात धावला आणि गळ्याच्या शिरा ताणून त्याने हाक मारली, "नाना. बहिरूनाना."

एकाच हाकेत दार उघडलं. बहिरू कंदील घेऊन आला. खोलीत आला तेव्हा रेडिओ विझलेला होता, पाऊस नव्हता. धूळ होती. ट्यूनरच्या नॉबांवर तेवढी धूळ नव्हती. माईक टेबलाच्या कडेला लोंबत होता. बहिरूने तो बघितला आणि कंदील खाली ठेवला.

"खुर्चीत व्हता," तो म्हणाला.

परवेजने लोंबणारा माईक उचलून टेबलावर ठेवला.

"खाटंवर न्हवता. खुर्चीत, आन् हातात ह्ये. बोटं निघंनात. म्या येक येक बोट सोडावलं. गौतमी यायची व्हती, भैनीला ह्ये कशापायी दावायचं? खाटंवर घातला, गोधडी टाकली." म्हाताऱ्याने नाक पुसलं. "येक इचारू तुला? तू शिकल्याला हायेस. मला येक हाक माराय काय झालं व्हतं त्याला? म्या जागाच व्हतो रं. पावसात म्हाताऱ्याला झोप कुटं येती?"

याचं उत्तर परवेजकडे होतं. त्याने दिलं नाही. दोघे उजाडेपर्यंत ओट्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी परवेज पौडला परतला. खांब त्याने तिथेच टाकला होता, तार बहिरूला वेलाला दिली. केबल मात्र बरोबर आणली, दोन्ही तुकडे. तिथे टाकून यायचं त्याच्या जिवावर आलं. दुकानाच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर दोन वेटोळी अडकवली.

गौतमी रविवारी आली. डब्यात फणसाची भाजी आणली होती. स्टुलावर बसली, पदराने वारा घेतला, इकडचं तिकडचं बोलली. मग डबा पुढे सरकवला.

"बघितलंत का, दादा?"

"बघितलं."

"मग?"

परवेज हातातला स्क्रू फिरवत होता. "रेडिओला हात लावलेला नव्हता. धूळ होती सगळी. झोपेतच गेला तो."

"तार, केबल, सगळं नीट व्हतं?"

"काटा खाली होता," परवेज म्हणाला.

गौतमीला त्यातलं काय कळणार? तिने मान हलवली. दहा महिने आवळून धरलेला तिचा चेहरा सुटला. रडली नाही. म्हणाली, "तुमच्या तोंडून ऐकलं, आता बरं वाटलं." निघाली, पायरीवर थांबली आणि मागे बघून म्हणाली, "दादा, तिकडं पाणी गळतंय बघा. वर टाकी हाय का?"

वर टाकी नव्हती. वर पत्रा होता आणि त्याच्यावर कोरडं ऊन. त्या आठवड्यात पौडच्या नळाला पाणी नव्हतं, अख्खा बाजार टँकरच्या मागे धावत होता.

गळत होती केबल. परवेजने ती गच्चीवर उन्हात टाकून बघितली, जोडाकडचं हातभर टोक कापून बघितलं. वाळते. खिळ्यावर परत टांगली की पुन्हा थेंब. वरच्या तुकड्यातून नाही, जो खांबाकडचा होता. खोलीकडच्या तुकड्यातून. ज्या टोकाशी बसून माणूस बोलतो, त्या टोकातून.

आता खाली बादली ठेवलेली असते. मीसुद्धा पाहिली आहे. पावसाचं पाणी मुरलंय, दुसरं काय, असं मी त्याला म्हणालो. परवेज वाद घालत नाही. त्याने मला नुसतं बोट बुडवायला सांगितलं आणि जिभेला लावायला सांगितलं.

खारट होतं.